सरोवराकडची भिंत

२ डिसेंबर १९९१

लेम्पी,

त्या सकाळी मी आधी तळघरात उतरून सौनाच्या वाफेच्या न्हाणीतल्या चुलीतली राख काढली, मागच्या पायऱ्यांवर पसरली, म्हणजे कुणी घसरायला नको, आणि वर येऊन वेलचीच्या पावाची कणीक मळायला घेतली. रेइनो भिंतीला धरत, दम खात जेवणाच्या खोलीत आला. थर्मोस्टॅटवर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि कान देऊन उभा राहिला. खाली तळघरात घर तापवणारी भट्टी गुरगुरत पेटली. "उठला गं कुत्रा," तो म्हणाला. मग आम्ही कॉफी प्यालो. मी पक्ष्यांसाठी चरबीचा गोळा टांगला, धुणं वाळत घातलं, कणीक फुगली का ते दोनदा पाहिलं. गेल्या जानेवारीतली सकाळ. तिच्यात सांगण्यासारखं काही नाही. पण नवरा म्हटलं की मला तीच आठवते, मे महिन्यातली दवाखान्यातली सकाळ आठवत नाही.

तुझं पत्र मिळालं. घर कसं आहे विचारतेस. घर उबदार आहे.

करार पुन्हा लिहून पाठवायची गरज नव्हती. तो मला पाठ आहे. बाबांनी घर दोघींच्या नावावर केलं. ईस्टरपर्यंत मी ते एकटीनं चालवलं, एकही नळ गोठून फुटू दिला नाही, तर तू विकायचं नाव काढायचं नाही. नळ फुटला, किंवा थंडीला घाबरून मी दुसऱ्याच्या घरी झोपायला गेले, तर डेट्रॉइटच्या त्या लोकांच्या कागदावर मी सही करायची. मी हो म्हटलंय आणि हो म्हणजे हो.

तू आणखी एक गोष्ट बोलली होतीस, ती मात्र या पत्रात लिहायची विसरलीस. रेइनोला पुरून आल्यावर चर्चच्या तळघरात, सगळ्यांच्या हातात कप असताना तू म्हणालीस, "ताइमीला पुस्तकं चालवता येतात, घर नाही." सायमा शेजारीण तिथंच होती. तिनं हे गावभर केलं, म्हणून तुझे आभार मानते. आता गाव माझ्यावर लक्ष ठेवून आहे आणि मला ते चालतं.

गेल्या आठवड्यात घराला बर्फ लावला. बाबा लावायचे तसाच. आधी पायाला चारी बाजूंनी फरच्या झाडाच्या फांद्या टेकवल्या, हिरवा भाग खाली करून, आणि त्यावर फावड्यानं बर्फ चढवत खिडकीच्या चौकटीपर्यंत नेला. थापून थापून पाठ मोडली. पण वाऱ्याला कुठं बोट शिरकवायला जागा ठेवली नाही. गेल्या हिवाळ्यात रेइनोच्या आजारपणामुळे हे राहून गेलं होतं. या वर्षी सायमा रस्त्यावर थांबून बघत राहिली आणि म्हणाली, "तुझे बाबा असते तर नखं लावून बघितलं असतं, आणि एक चूक सापडली नसती." सायमाकडून हे ऐकायला माणसाला बासष्टावं वर्ष गाठावं लागतं.

सरोवराकडच्या बाजूला जमिनीपासून गुडघाभर उंचीवर दोन पांढऱ्या नळ्या बाहेर आल्या आहेत. कपडे धुण्याच्या यंत्राचं पाणी तिथून जात असावं. रेइनोनं गेल्या वर्षी उन्हाळ्यात नवीन भट्टी बसवली तेव्हा केलेलं काम. त्याही नीट झाकल्या.

अक्षर वाकडं दिसेल. पेन नवीन आहे.

तुझी बहीण,
ताइमी

*

१९ डिसेंबर १९९१

लेम्पी,

नाताळच्या शुभेच्छा. सोबत लोकरीचे पायमोजे आहेत. ॲरिझोनात लागत नसतील तर कुत्र्याला दे.

मागच्या पत्रातलं अक्षर पेनामुळे वाकडं आलं नव्हतं. मी हातमोजे घालून लिहीत होते. आता सांगायला हरकत नाही, कारण आता ते काढलेत.

झालं असं. नोव्हेंबरपासून घर मनाला येईल तेव्हा तापायचं आणि मनाला येईल तेव्हा गार पडायचं. मी थर्मोस्टॅटचा काटा वर सरकवायचे, भट्टी ढिम्म. मग रेइनोसारखी टकटक करायचे की कुत्रा उठायचा. हे चालायचं तोवर चाललं. पण टकटक करायला माणूस जागेवर लागतो. बाजारात गेले, परत आले, की स्वयंपाकघरात श्वासाची वाफ दिसायची. सायमा आली, कोट न काढता बसली आणि म्हणाली, "तुझ्याकडे कॉफी किटलीतून कपात पडेपर्यंत थंड होते गं. बर्फाचे तुकडे घालायचे वाचतात."

रेइनोच्या हयातीत त्या थर्मोस्टॅटला हात लावायची मला बंदी होती. "तू पुस्तकं बघ, हे मी बघतो." मी कधी वाद घातला नाही. आता बघणारा नव्हता, म्हणून हॅन्कॉकच्या वाचनालयातून घर तापवण्यावरचं पुस्तक आणलं. ग्रंथपाल बाई म्हणाली, "मिसेस पेल्टोला, या वेळी कादंबरी नाही?" मी म्हटलं, यातही एक घर आहे, ते वाचतं की जातं ते बघायचंय.

झाकण उघडलं. आत पत्र्याची एक स्प्रिंग, आणि तिच्यावर काचेची इवलीशी कुपी, कुपीत पारा. खोली गार झाली की स्प्रिंग आवळते, कुपी कलते, पारा घरंगळून दोन तारांना भिडतो आणि भट्टीला निरोप जातो. एवढंच. पण हे सगळं सरळ टांगलेलं असलं तरच. आपलं वाकडं होतं. प्लास्टरमधला एक स्क्रू सैल होऊन अख्खी तबकडी डावीकडे कलली होती. पारा उंबऱ्यावर येऊन अडायचा. टकटक केली की धक्क्यानं पलीकडे जायचा. रेइनो इतकी वर्षं त्याला धक्का देत होता आणि त्याला वाटायचं, आपल्या बोटांत जादू आहे. मलाही वाटायचं.

स्क्रूच्या भोकात लाकडाची काडी ठोकली, स्क्रू पुन्हा पिळला, वर रेइनोची पाणसळ धरली आणि तिच्यातला बुडबुडा मधोमध येईपर्यंत तबकडी फिरवली. भिंतीतल्या भोकातून गार वारा येऊन स्प्रिंगला फसवत होता, तिथं चिंधी कोंबली. झाकण लावलं. आणि लेम्पी, मी खुर्चीत बसून राहिले आणि काहीच केलं नाही. थोड्या वेळानं खाली भट्टी आपली आपण पेटली. कुणी टकटक न करता.

मी टाळी वाजवली. घरात मी एकटीच होते, म्हणून लाज वाटली नाही.

तेव्हापासून घर जिथं सांगितलं तिथं राहतंय. सायमानं कोट काढला. कॉफीचा दुसरा कपही मागितला. हे पत्र मी बिनबाह्यांच्या झग्यात बसून लिहितेय असं म्हणणार नाही, पण हातमोजे खुंटीवर आहेत.

ताइमी

*

९ जानेवारी १९९२

लेम्पी,

घर ठीक आहे. नळ ठीक आहेत.

सौना हल्ली रोज पेटवते, हाडांना बरं वाटतं. गीदो मिस्त्री कॉफी प्यायला येऊन गेला. तुला आठवत असेल, त्याचे वडील चर्चच्या घंटेची दुरुस्ती करायचे.

तुझ्या कार्डावर निवडुंगाला नाताळचे दिवे लावलेत. छान दिसतात.

जास्त लिहीत नाही, लाकडं आणायची आहेत.

ताइमी

*

२७ जानेवारी १९९२

लेम्पी,

मागचं पत्र तू दोनदा वाचलंस तर तुझ्या लक्षात आलं असेल की घर ठीक नव्हतं. नळ मात्र खरंच ठीक होते. ते वाक्य मी खोटं लिहिलं नसतं. आता सगळं लिहिते.

नाताळनंतर एक दिवस हवा इतकी निवळली की वळचणीतून पाणी गळायला लागलं. मग वारा उत्तरेकडे फिरला आणि जे जे वितळलं होतं ते काचेसारखं गोठलं. त्यानंतरच्या सकाळी मी उठले तर खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फाची फुलं उमटलेली, बोटभर जाड. थर्मोस्टॅटचा पारा जिथं असायला हवा तिथं होता. निरोप जात होता, भट्टी उत्तर देत नव्हती. मी टकटकही करून पाहिली. माणसाची खोड जात नाही.

गीदोला बोलावलं. त्यानं माझा थर्मोस्टॅट उघडला, हसला आणि म्हणाला, "बाई, ही चिंधी कुणी कोंबली?"

"मी."

"आणि काडी?"

"तीही मीच. पाणसळ लावून बघ, बुडबुडा कुठं आहे."

त्यानं लावली नाही. "हे खोकं तुमच्या लग्नाच्या आधीचं आहे," म्हणाला आणि नवीन बसवलं, खिडकीत आकडे दिसणारं. तो उभा होता तेवढ्यात भट्टी पेटली. त्यानं टोपी घातली, मी त्याला पाव बांधून दिला. त्याची गाडी वळणावर दिसेनाशी होते न होते तोच ती विझली.

दुसऱ्यांदा आला तेव्हा हसला नाही. बराच वेळ तळघरात बसला. वर येऊन म्हणाला, "भट्टीचा मेंदू गेलाय. सुटा भाग खालून, शहरातून मागवावा लागेल. यायला वेळ लागेल. तोवर बहिणीकडे जाऊन राहा."

"माझी बहीण वाळवंटात राहते."

"मग सायमाकडे?"

सायमा तर दारातच होती, तिला बोलवावं लागत नाही. "चल गं, नुसती झोपायला ये. मी कुणाला सांगणार नाही."

"तू सांगणार नाहीस. पण मला कळेल ना."

"तुझ्या या गर्वाला फोडणी घालून खाता येतं का? उद्या इथं बर्फात कोरलेली ताइमी सापडली की मला धावपळ नको."

तिला मी कॉफी दिली. ती बसून प्याली, पण कोट अंगावरच होता.

मग मी गादी ओढत तळघरात नेली. सौनाचं दार उघडं टाकलं, चूल धडधडून पेटवली आणि तिची ऊब नळांच्या वाटेवर जाईल अशी चादरी बांधून वाट करून दिली. वरचे नळ थेंब थेंब सोडून ठेवले, वाहतं पाणी गोठत नाही. दिवसभर लाकडं फोडायची आणि चुलीत घालायची, हेच काम. बाबांनी तळघरात सौना बांधला तेव्हा आई म्हणाली होती की घराच्या पोटात आग कशाला. मला वाटतं, बाबांना माहीत होतं कशाला.

पण बर्चची लाकडं संपत आली होती. लाकडांचा ढीग छातीपासून कंबरेवर आला, कंबरेवरून गुडघ्यावर. ओली लाकडं जाळून धूर होतो, ऊब होत नाही. लाकडं संपली की नळ जाणार, नळ गेले की घर जाणार, हे मला इतकं स्पष्ट दिसत होतं की मी त्याबद्दल विचार करणंच सोडून दिलं आणि पुस्तक पुन्हा उघडलं.

पुस्तकात लिहिलं होतं: थर्मोस्टॅटवर शंका असेल तर भट्टीपाशी येणाऱ्या त्याच्या दोन तारा एकमेकींना लावा. पेटली तर दोष थर्मोस्टॅटचा. नाही पेटली तर तो निर्दोष. मी तारा लावल्या. भट्टीतला लहान पंखा फिरला, टिक् झालं आणि सगळं थांबलं. म्हणजे गीदोनं चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती. माझा जुना थर्मोस्टॅट निर्दोष होता आणि नवाही निर्दोष. पुढं पुस्तकात काही नव्हतं. पुढं लिहिलं होतं, जाणकार माणसाला बोलवा. तो येऊन गेला होता.

मी गादीवर बसून ऐकत राहिले. भट्टी मधून मधून आपल्या मनानं प्रयत्न करायची. पंखा सुरू व्हायचा, घोंऽऽ असा ओढल्यासारखा, आवाज चढत जायचा, चढत जायचा, आणि पुरेसं न मिळाल्यासारखा एकदम सुटायचा. मग टिक्. मग शांत. थोड्या वेळानं पुन्हा.

लेम्पी, असा आवाज मी मे महिन्यात ऐकला होता. तू तेव्हा इथं नव्हतीस. तांब्याच्या खाणीतली धूळ रेइनोनं तरुणपणी छातीत भरून घेतली होती आणि शेवटी शेवटी प्रत्येक श्वास असा वर चढायचा आणि तोकडा पडायचा. दवाखान्यातली परिचारिका मला म्हणाली होती, त्यांच्यात ताकद आहे हो, पण हवा आत पोचत नाही.

मी उठले. भट्टीला मेंदू होता, ताकद होती. तिला हवा पोचत नव्हती.

तिच्या खांद्यातून दोन पांढऱ्या नळ्या निघतात. त्या छताला धरून भिंतीपर्यंत जातात आणि भिंतीतून बाहेर. सरोवराकडच्या भिंतीतून. त्यांतली एक भट्टीत शिरते तिथं रबराच्या पट्ट्यानं बांधलेली आहे. मी पट्टा सैल केला आणि नळी उपसून काढली. नळीला कान लावला, तिच्यातून वारा नाही, समुद्राच्या शंखासारखी गाज नाही, काही नाही. मग दोन्ही तारा पुन्हा लावल्या. पंखा फिरला. आवाज चढला, आणि या वेळी सुटला नाही. आत निळी जीभ दिसली, मग दुसरी, मग ओळीनं सगळ्या.

तळघरातली हवा खाऊन ती पेटली होती.

मी कोट घातला, फावडं घेतलं आणि बाहेर गेले. बर्फातून एका जागी वाफ निघत होती, तीच गीदोनंही पाहिली असणार आणि त्याला वाटलं असणार की नळ्या मोकळ्या आहेत. वाफ टाकणारी नळी मोकळीच होती, तिनं आपल्या उबेनं बिळासारखी वाट केली होती. मी खणलं. बर्फ, मग फांद्या, फांद्यांना अजून नोव्हेंबरचा वास होता. त्याखाली हवा ओढणाऱ्या दुसऱ्या नळीचं तोंड, आणि त्यावर बर्फाचं झाकण. भट्टीनं बाहेर टाकलेली वाफ माझ्या फांद्यांखाली कोंडून तिच्याच नाकावर गोठली होती. सौनातलं कोमट पाणी ओगराळ्यानं ओतत ओतत मी ते झाकण सोडवलं. ते अख्खं माझ्या हातात आलं, बशीएवढं, आणि त्यात फरची एक डहाळी अडकलेली.

घर मी इतकं चांगलं झाकलं होतं की त्याचा श्वास बंद झाला. यात माझी चूक आहे, ती मी मान्य करते. पण ही चूक करायला बाबांसारखा बर्फ लावता यावा लागतो. शहरातल्या कुणाला ही चूक जमली नसती.

गीदो सुटा भाग घेऊन आला तेव्हा घरात पडदे धुऊन वाळत होते. मी त्याला खाली नेलं, मग बाहेर नेलं.

"या भिंतीला बर्फ कुणी लावला?"

"मी."

"आणि काढला कुणी?"

"तोही मीच."

"मग मी आलो कशाला?"

"कॉफी प्यायला. आणि जुना थर्मोस्टॅट परत बसवायला. त्याचा काही गुन्हा नव्हता."

त्यानं वाकून दोन्ही नळ्यांत बोट घालून बघितलं. मग म्हणाला, "बाई, तारा जोडल्यात, नळी उपसलीत. रेइनोनं वरून पाहिलं असतं तर घाबरला असता."

मी म्हटलं, "पाहिलंच असेल. खाली यावं लागलं नाही, एवढं खरं."

त्यानं दोन्ही नळ्यांना वर वळलेल्या माना बसवून दिल्या, खिडकीच्या वर जातील इतक्या उंच आणि एकमेकींपासून लांब. दोन बगळे भिंतीला टेकून उभे आहेत असं दिसतं. थर्मोस्टॅटही परत लावला. त्याच्या झाकणावर रेइनोच्या पेरानं एक गुळगुळीत ठिपका झाला आहे, तो आता पुन्हा जागेवर आहे.

सायमानं विचारलं, "हे तुझ्या पुस्तकात होतं का गं?"

"नाही. पुस्तक लिहिणाऱ्याच्या घराला कुणी फांद्या लावत नसणार."

बाकीच्या तीन भिंतींना बर्फ आहे तसाच आहे. चौथी उघडी. बाबांचं घर आणि रेइनोची भट्टी यांचं आपसांत पटत नव्हतं, कुणीतरी मध्ये पडायला हवं होतं. ते मी केलं.

ताइमी

*

२४ फेब्रुवारी १९९२

लेम्पी,

तुझी डेट्रॉइटची माणसं काल येऊन गेली. व्हिटेकर नवराबायको. ईस्टरपर्यंत कुणी यायचं नाही असं ठरलं होतं, पण मी भांडले नाही. पाहुणा दारात आला की आधी आत घ्यायचा, असंच आपल्याला शिकवलंय.

तू त्यांना सांगितलं होतंस म्हणे की फेब्रुवारीत या, तोवर म्हातारी दमलेली असेल. "म्हातारी" हा शब्द त्यांनी गाळला, पण तो जिथं होता तिथं ते अडखळले. वाळवंटात बसून उंटावरून शेळ्या हाकायची तुला चांगली सवय झालीय.

माणूस वाईट नव्हता. खाली उतरून भट्टीभोवती फिरला. "छान चालते. कोण बघतं हिच्याकडे?"

"मी."

"नाही, म्हणजे बिघडली की कोण खाली उतरतं?"

"मीच. जिना तेवढाच आहे."

बायको वर जेवणाच्या खोलीत जमिनीतल्या जाळीवर बूट काढून उभी होती. गरम हवेनं तिचा झगा फुगला होता. निघायची वेळ झाली तरी ती तिथून हलेना. "किती सुंदर ऊब आहे," म्हणाली. मी तिला पाव दिला. ती चांगली बाई आहे, मला ती आवडली.

मग तो म्हणाला की ते फक्त उन्हाळ्यात येणार. सप्टेंबरात नळांतलं पाणी काढून टाकायचं, भट्टी बंद करायची, दाराला कुलूप. हिवाळाभर घर गार ठेवायचं. त्यानं ते सहज सांगितलं, पेटी मिटावी तसं.

मी त्याला म्हटलं, "या घराला सत्तर हिवाळे झाले आणि एकाही हिवाळ्यात ते गार राहिलं नाही. बाबा खाणीच्या संपात उपाशी होते तेव्हाही नाही. मी जिवंत आहे तोवर गार पडणार नाही. ईस्टर झाला की माझी बहीण तुम्हाला तेच सांगेल."

तो म्हणाला, "तुमची बहीण तर वेगळंच म्हणाली."

"ती म्हणते वेगळं. पण ती शब्दाची पक्की आहे. आमच्या घरात सगळेच आहेत."

बघ, परक्या माणसासमोर मी तुझी बाजू राखली. चर्चच्या तळघरात तुला ते जमलं नव्हतं.

ताइमी

*

१९ मार्च १९९२

लेम्पी,

तुझं पत्र मंगळवारी आलं. मी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं.

तू लिहितेस की डेट्रॉइटच्यांना तू नाही म्हणून कळवलंस आणि त्यांनी पलीकडच्या बंदरावर दुसरं घर पाहिलंय. तू लिहितेस की याचा अर्थ मी जिंकले असा घ्यायचा नाही, ईस्टरला तू स्वतः येऊन प्रत्येक नळाला हात लावून बघणार आहेस. ये. बघ. मी बरोबर फिरेन आणि दिवा धरीन. मी जिंकले असंच मी म्हणणार, हे तू तिथून थांबवू शकत नाहीस. सायमानं तर आधीच चर्चमध्ये जाहीर केलंय. आता तिला वाटतं की ही सगळी कल्पना तिचीच होती. तिच्या लेकीची भट्टी परवा बंद पडली, तेव्हा त्यांनी गीदोच्या आधी मला फोन केला. मी गेले, बर्फ काढला, पेटली. हे मी तुला सांगणारच होते, म्हणून सांगितलं.

पण तुझ्या पत्राच्या शेवटी, सहीच्याही खाली, तू एक ओळ लिहिली आहेस. "माझ्या खोलीत अजून तितकीच थंडी असते का?"

मी त्या ओळीचा विचार करत राहिले. वरच्या मजल्यावरची उत्तरेकडची खोली. बाबांच्या शेगडीची ऊब तिथवर कधी पोचलीच नाही. छताच्या खिळ्यांच्या डोक्यांवर बर्फाचे मणी धरायचे. तू झोपेत माझे पाय शोधायचीस, मी पाय आखडून घ्यायचे, कारण तुझे बर्फासारखे असायचे. तू सतराव्या वर्षी बसमध्ये बसलीस आणि उष्णतेच्या दिशेनं जात राहिलीस, जिथं रस्ता संपला तिथं उतरलीस. मला वाटायचं तुला घराचा राग आहे, तुला आमचा राग आहे. तुला फक्त थंडी वाजत होती. मी इतकी पुस्तकं वाचली, हे मला वाचता आलं नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, होती. नवी भट्टी बसवताना रेइनोनं तुझ्या खोलीपर्यंत गरम हवेची पत्र्याची वाट नेली होती आणि जमिनीत जाळी बसवली होती. मला म्हणाला होता, "लेम्पी आली तर." पण कुणी येत नव्हतं, रिकामी खोली कशाला तापवायची म्हणून त्यानं जाळीखालची झडप बंद करून ठेवली. तो गेल्यावर मीही ती तशीच राहू दिली.

बुधवारी सकाळी मी वर गेले, झडप उघडली आणि तुझ्या पलंगावर स्वच्छ चादर घातली.

ताइमी